लोहचुंबक आणि हृदयाची लय

लोहचुंबकाचा मानवी शरीरावर कांहीं परिणाम होतो काय, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु हृदयाच्या ठोक्यांवर तो काय होतो, हें नेमकेपणानें मोजून पाहण्यास आरंभ पुष्कळ उशिरां झाला. आमच्या सास्तूरकडे हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरत असतां, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व भोंवतालचीं गांवें जमीनदोस्त झालीं आणि सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. जीं वांचलीं त्यांच्यांत तज्ज्ञांना नैराश्य आणि आघातानंतरचा मनोविकार आढळून आला. रात्रीं दचकून उठावें आणि छातींत धडधडावें, हें त्या विकाराचें नेहमींचें लक्षण होय. अशा माणसाला मनगटावर चुंबकाचा पट्टा बांधा म्हणून सांगणारे बाजारांत आजहि भेटतात. तेव्हां या पट्ट्यांत तथ्य किती, हें पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम हृदयाविषयीं. निरोगी हृदय घड्याळाप्रमाणें सारख्या अंतरानें ठोके देतें, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. श्वास आंत घेतांना ठोके किंचित् जलद पडतात, सोडतांना मंदावतात. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें १७३३ सालीं घोड्याच्या रोहिणींत नळी बसवून रक्ताचा दाब श्वासाबरोबर चढतो-उतरतो असें दाखविलें. कार्ल लुडविग यानें १८४७ सालीं नाडीच्या गतीचा हा चढउतार फिरत्या कागदावर रेखाटला. आपल्या शार्ङ्गधरानें नाडीची चाल सर्प, बेडूक, हंस यांच्या उपमांनीं वर्णिली आहे. परंतु ती उपमा होती, मोजमाप नव्हतें, आणि दोहोंची गल्लत करूं नये हें बरें.

हा चढउतार होतो कशामुळें? मेंदूकडून हृदयाला दोन प्रकारचे मज्जातंतू येतात. एक वेग वाढवितो. दुसरा, ज्याला वेगस म्हणतात, तो लगाम खेंचतो. लगाम क्षणोक्षणीं सैल-घट्ट होत राहणें हें प्रकृतीचें लक्षण आहे. १९८७ सालीं अमेरिकेंत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या ठोक्यांतील अंतर अगदीं एकसारखें झालें होतें, त्यांच्या मृत्यूचा धोका चांगला चढउतार असलेल्यांहून पांचपटीपेक्षां अधिक निघाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील अभियंत्यांनींहि हा चढउतार मोजणारें उपकरण तयार केलें आहे.

भूकंपानें या लगामाचें काय होतें, याचा पुरावा एका योगायोगानें मिळाला. ता. २१ सप्टेंबर १९९९ रोजीं तैवानांत मोठा भूकंप झाला, त्या वेळीं कांहीं रुग्णांच्या अंगावर चोवीस तास हृदयाची नोंद घेणारें यंत्र लावलेलें होतें. धरणी हादरतांच त्यांच्या हृदयाचा वेग वाढला आणि वेगसचा लगाम सुटल्याचें आलेखांत उमटलें. त्यापूर्वीं, १७ जानेवारी १९९४ रोजीं, लॉस एंजेलिसजवळच्या भूकंपाच्या दिवशीं हृदयविकारानें एकाएकीं मेलेल्यांची संख्या नित्याच्या चार-पांचांवरून २४ वर गेली. भीति मेंदूंत उत्पन्न होते आणि तेथून ती हृदयावर उतरते.

आतां चुंबकाकडे वळूं. पृथ्वी हा स्वतःच एक चुंबक आहे, आणि त्याचीं मोजमापें मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून होत आलीं. ता. २ सप्टेंबर १८५९ रोजीं सूर्यावरील उत्पातामुळें जें चुंबकीय वादळ उठलें, त्यांत तेथील आडवें बल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरलेलें नोंदलें गेलें. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर वेधांत व्यत्यय येऊं नये म्हणून तेव्हांचे संचालक नानाभाई मूस यांनीं वेधशाळा अलिबागेस नेली. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं जोडीनें मोजमापें घेऊन नवी मोजणी जुनीशीं जुळवून घेतली. ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. तें प्रचंड वादळसुद्धां पृथ्वीच्या बलाच्या शंभरांत चार भागांएवढेंच होतें. अशा वादळांच्या वेळीं ठोक्यांतील चढउतार थोडा घटतो असें कांहीं संशोधक म्हणतात, इतरांना तो फरक आढळत नाहीं. असलाच तर तो अल्प आहे.

चुंबकानें रोग बरे करण्याचा डौल व्हिएन्नाच्या मेस्मरनें १७७४ च्या सुमारास मांडला. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें फ्रँकलिन, लाव्हाझिए प्रभृतींची समिति नेमली. तोंवर मेस्मरनें लोहचुंबक टाकून 'प्राणिचुंबकत्वा'ची भाषा धरली होती. समितीनें रोग्यांचे डोळे बांधले, आणि जेथें शक्तीचा प्रयोग मुळींच केलेला नव्हता तेथेंहि रोग्यांना झटके येतात, असें दाखविलें. परिणाम कल्पनेचा होता.

खरा मार्ग फॅरडेनें १८३१ सालीं दाखविला होता. शाळेंत हा प्रयोग मी मुलांना आवडीनें दाखवीत असें: तारेच्या वेटोळ्यांत चुंबक स्थिर धरला तर विद्युन्मापकाचा कांटा हालत नाहीं, मागें-पुढें केला कीं हालतो. सारें मर्म यांत आहे. मनगटावरचा चुंबक स्थिर असतो, म्हणून तो मज्जातंतूंत वीज उत्पन्न करीत नाहीं. रुग्णालयांतील दीड टेस्लाच्या प्रतिमायंत्राचें स्थिर क्षेत्र पृथ्वीच्या बलाच्या सदतीस हजारपट असतें. त्यांत माणूस अर्धा तास निजतो आणि तेवढ्यानें त्याच्या हृदयगतींत म्हणण्याजोगा फरक पडत नाहीं.

इंग्लंडांतील शेफील्ड येथें १९८५ सालीं अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डोक्यावर वेटोळें धरून त्यांत क्षणार्धाहूनहि अल्पकाळ जबर प्रवाह सोडला. क्षेत्र झटक्यानें चढलें-उतरलें, कवटीखालीं वीज उत्पन्न झाली आणि हाताचा स्नायु हालला. साध्या वेटोळ्याचा प्रभाव दोन-तीन सेंटिमीटर खोलवरच पोंचतो. हृदयाला तो शिवत नाहीं. परंतु कपाळामागील मेंदूचा जो भाग वेगसला आज्ञा देणाऱ्या केंद्रांशीं जोडलेला आहे, त्यावर झटके दिले असतां हृदयाचा वेग थोडा उतरतो आणि ठोक्यांतील चढउतार वाढतो. अनेक प्रयोगांचें एकत्रित परीक्षण २०१७ सालीं प्रसिद्ध झालें, त्याचा निष्कर्ष हाच होता. हा गुण माफक आहे. सर्व प्रयोगशाळांत तो सारखा दिसत नाहीं आणि किती टिकतो हें अद्याप ठरावयाचें आहे. नैराश्यावरील उपचार म्हणून मात्र या पद्धतीला अमेरिकेंत २००८ सालीं मान्यता मिळाली, आणि आपल्याकडे मोठ्या शहरांत मनोविकारतज्ज्ञ ती वापरतात.

ज्यांच्या डोक्यांत धातूचा तुकडा किंवा चाप बसविलेला आहे, त्यांनीं हा उपचार घेऊं नये. ज्यांना पूर्वीं फेफरें आलें आहे किंवा ज्यांच्या छातींत हृदयाची गति राखणारें यंत्र आहे, त्यांनीं तें तज्ज्ञास आधींच सांगावें. असें यंत्र असलेल्यांनीं साधा जोरकस चुंबकहि छातीजवळ नेऊं नये. त्यानें त्या यंत्राची चाल तात्पुरती बदलते.