काँक्रीट शिल्पांचे लवचीक साचे

बागेतील कुंड्या, कारंजी, कठड्यांचे खांब तसेच पशुपक्ष्यांच्या व मानवी आकृती यांच्या सिमेंट-काँक्रीटमधील प्रतिकृती काढण्यासाठी वापरला जाणारा, ओढला असता ताणला जाणारा व सोडताच पूर्ववत होणारा साचा. जिलेटीन, रबराचा चीक (लॅटेक्स), सिलिकोन व पॉलियुरेथेन हे अशा साच्यांचे प्रमुख पदार्थ होत.

मूर्तीची हनुवटी, काख, वस्त्राच्या चुण्या, पानांच्या कडा अशा ठिकाणी पृष्ठभाग आत वळलेला असतो. तेथे ताठर साचा अडकतो. ओढल्यास साचा तरी फुटतो किंवा मूर्ती तरी. जुना उपाय म्हणजे प्लॅस्टरचा अनेक तुकड्यांचा साचा. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सुटेल अशा बेताने मूर्तीची विभागणी करावयाची, सर्व तुकडे बाहेरच्या कवचात बसवावयाचे व ओतकाम झाल्यावर एकेक काढावयाचे. विभागणी कोठे करावयाची हे ठरविणे हीच साचेकाराची खरी विद्या होती. सांध्यांच्या जागी प्रतिकृतीवर उमटणाऱ्या रेषा नंतर घासून काढाव्या लागत आणि त्या घासण्यात बारीक काम पुष्कळदा नाहीसे होई. शिकागो येथील ‘फाउंटन ऑफ टाइम’ (१९२२) या लोराडो टाफ्टकृत काँक्रीट शिल्पसमूहासाठी सु. ४,५०० तुकड्यांचा साचा लागला, यावरून या श्रमांची कल्पना येते.

कृत्रिम दगडाच्या उद्यानशिल्पांचा व्यापार इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. एलिनॉर कोड या उद्योजिकेने १७६९ मध्ये लंडनमधील लँबेथ येथील कारखाना हाती घेतला. तथापि तेथील माल भाजलेल्या मातीचा होता. जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व मिळविले. पुढे फीलिक्स ऑस्टिन व जॉन सीली यांनी सिमेंट, दगडाचा चुरा व वाळू यांपासून न भाजता केलेल्या कुंड्या व पुतळे मोठ्या प्रमाणावर विकले. नकलांचा प्रश्न त्यापूर्वीच उभा राहिला होता. शिल्पकार जॉर्ज गॅरार्ड याच्या खटपटीने ब्रिटिश संसदेने १७९८ मध्ये शिल्पकारांच्या हक्कांचा कायदा केला आणि तो सदोष ठरल्याने १८१४ मध्ये सुधारला. तुकड्यांचा साचा करणे खर्चाचे व कौशल्याचे असूनही चोरून नकला निघत होत्या, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकात प्लॅस्टरकाम करणाऱ्यांमध्ये जिलेटिनाचा साचा रूढ झाला. मूर्तीवर मातीचा थर देऊन त्यावर प्लॅस्टरचे कवच करीत. मग माती काढून त्या पोकळीत पाण्याच्या उष्णतेवर वितळविलेला शुद्ध सरस ओतीत. गार झाल्यावर तो रबरासारखा होई व खोल नक्षीतूनही सहज सुटे. पृष्ठभाग टणक करण्यासाठी त्यावर तुरटीचा हात देत. लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल याने १८६९-७० मध्ये सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाची प्रतिकृती घेतली, तेव्हा इंग्लंडहून आणलेल्या सु. २८ टन सामग्रीत प्लॅस्टरबरोबर जिलेटीनही होते. अखेरच्या टप्प्यात ही सामग्री बैलगाड्यांनी वाहून न्यावी लागली. ही प्रतिकृती पुढे लंडनच्या साउथ केन्झिंग्टन संग्रहालयात उभारण्यात आली.

प्लॅस्टरला उपयोगी पडलेला हा पदार्थ सिमेंटला मात्र मानवला नाही. प्लॅस्टर काही मिनिटांत घट्ट होते. काँक्रीट साच्यात निदान एक दिवस राहावे लागते. तेवढ्या वेळात जिलेटीन पाणी शोषून फुगते, सिमेंट घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेने मऊ पडते आणि वजनाखाली दबते. त्यामुळे काँक्रीटचे कारागीर दीर्घकाळ तुकड्यांच्या साच्यावरच अवलंबून राहिले, किंवा साच्यातून सरळ सुटतील अशा सोप्या आकृतीच पसंत करू लागले. त्या काळच्या पुष्कळ काँक्रीट कुंड्यांवरील नक्षी उथळ दिसते, त्याचे एक कारण अभिरुचीपेक्षा साच्यात शोधले पाहिजे.

ही अडचण रबराने दूर केली. १९२० नंतर अमोनिया घालून टिकविलेला रबराचा चीक पाश्चात्त्य बाजारात मोठ्या प्रमाणात येऊ लागला. फिलिप शिड्रोविट्झ याने चिकाचे द्रवरूपातच व्हल्कनीकरण करण्याची रीत शोधल्याने तो नुसता वाळवूनही टिकाऊ होऊ लागला. मूळ वस्तूवर ब्रशाने चिकाचे अनेक पातळ थर देतात. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा देतात व मध्ये जाळीदार कापड घालतात. त्याबाहेर प्लॅस्टरचे दोन किंवा अधिक भागांचे कवच असते, कारण एकट्या रबराला ओल्या काँक्रीटचे वजन पेलत नाही. काँक्रीट घट्ट झाल्यावर कवच काढून रबर पायमोज्यासारखे उलटे सोलतात. सिमेंटच्या क्षारतेचा रबरावर फारसा परिणाम होत नाही. तेल व ऊन यांनी मात्र ते लवकर खराब होते.

त्यानंतर वितळवून ओतावयाचे व पुनःपुन्हा वापरता येणारे व्हिनिल संयुग, १९५० नंतर सामान्य तापमानास घट्ट होणारे सिलिकोन रबर आणि झीज सोसणारे पॉलियुरेथेन हे पदार्थ आले. सिलिकोन सर्वांत सूक्ष्म तपशील उचलते, परंतु ते महाग असते. घाऊक उत्पादनात पॉलियुरेथेनला पसंती मिळते. मात्र ते मूळ वस्तूला चिकटून बसू नये म्हणून आधी योग्य लेप द्यावाच लागतो, आणि तो विसरल्यास नमुना व साचा दोन्ही वाया जातात. महाराष्ट्रात पेण (जि. रायगड) येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत प्लॅस्टरच्या मूर्तींसाठी रबराचेच साचे वापरात आले आहेत.

लवचीक साच्यामुळे विभागणीची विद्या अनावश्यक झाली व खोल नक्षी पुन्हा शक्य झाली. त्याबरोबर बाजारातून विकत घेतलेली कोणतीही मूर्ती नमुना म्हणून वापरणे सोपे झाले. रबराचा चीक वाळताना आक्रसतो. त्यामुळे प्रतिकृतीवरून काढलेली प्रतिकृती मूळ शिल्पापेक्षा किंचित लहान व बोथट असते, आणि काही पिढ्यांनंतर चेहऱ्याच्या रेषा पुसट होतात. मूळ वस्तू उपलब्ध असल्यास मोजमापांची तुलना करून एखादी मूर्ती शिल्पकाराच्या नमुन्यावरून काढली आहे की नकलेवरून, हे जाणकारास बरेचदा ओळखता येते.