निवडुंगाचीं दोन कुळें

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला महाबळेश्वरीं वर्षास 200 इंचांहून अधिक पाऊस कोसळतो; पूर्वेस माणदेशांत 20 इंच पडला तरी शेतकरी समाधान मानतो. या माणदेशांत व सांगलीकडील जतच्या माळावर बांधोबांधीं निवडुंग दिसतो, आणि तो मूळचा येथलाच, असें सारे धरून चालतात. तें अर्धेंच खरें आहे.

तीन धारांचा, खांबासारखा उभा वाढणारा निवडुंग खरोखरच एतद्देशीय. कॅरिबियन समुद्रांतील बेटांवरही असेच हिरवे खांब उभे असतात; परंतु त्यांचें व याचें नातें मुळींच नाहीं. आपला त्रिधारी एरंडाच्या कुळांतला. फांदी मोडतांच दुधासारखा चीक गळतो. बेटांवरचे खांब कॅक्टसच्या कुळांतले. पाणी जपण्याची गरज सारखी, म्हणून दोघांनीं पानें टाकून खोडें फुगविलीं, इतकेंच. श्रीलंकेपर्यंत पोहोंचलेली एक लोंबती जात वगळली, तर कॅक्टसचें अवघें कुळ अमेरिकेंतलें आहे.

फड्या निवडुंग हा त्या कुळांतला पाहुणा. युरोपीयांच्या गलबतांमागून तो आला, कुंपणाला लागला आणि कुंपण ओलांडून गायरानें गिळूं लागला. सापविंचवांना आसरा झाला. दुष्काळांत मात्र काटे जाळून त्याचीच पानें गुरांपुढें टाकावीं लागत. शत्रूचेंही असें उपकार घ्यावे लागतात!

कंपनी सरकारची नजर निवडुंगावर पोसणाऱ्या किरमिजी रंगाच्या किड्यांवर होती. 1795 सालीं कॅप्टन नीलसन यानें ब्राझीलहून ते कलकत्त्यास आणले. ते हलक्या जातीचे निघाले. रंग बेताचा, आणि भूकही चोखंदळ: त्यांनीं निवडुंगाची एक जात फस्त केली, पण दख्खनच्या फड्याला तोंड लावलें नाहीं. ज्या कामासाठीं आणले तें झालें नाहीं. जें झालें त्याचा येथील शेतकऱ्याला उपयोग नव्हता. पुढें सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. 1926 सालीं सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेहून, दुसऱ्या जातीचा किडा दक्षिण हिंदुस्थानांत सोडण्यांत आला. रंगाची आशा कोणालाच नव्हती. हवा होता तो निवडुंगाचा नाश, आणि तो झाला. मैलोगणती रान मोकळें झालें.

आतां त्याच कॅक्टस कुळांतली ड्रॅगन फ्रूटची वेल सांगलीकर शेतकरी खांब पुरून मुद्दाम चढवितात. 2021 सालीं सांगली जिल्ह्यांतील तडसर गांवचीं फळें दुबईस रवाना झालीं. या वेलीचें खोडही तिधारीच असतें. मोडलें तर चीक मात्र येत नाहीं.