माळवदाचं ऊन, पत्र्याचं ऊन

मृगाच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात कुणाला मरायला फुरसत नसायची. आम्ही गवंडी. वैरागहून सोलापुरात आले ते आजोबा, मग वडील, मग मी. वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. वर्षभर भिंती, ओटे, चुली, न्हाणीघरं, जे पडेल ते काम. पण मे महिना सरत आला की मंगळवार पेठेतून, बाळीवेशीतून, साखर पेठेतून एकच निरोप यायचा, ‘अण्णा, माळवदावर माती टाकायची राहिलीय, कधी येताय?’

माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंती दीड-दोन हात रुंद, खाली दगड आणि वर मातीच्या कच्च्या विटा. भिंतींवर नि खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचण, म्हणजे दाटीनं लावलेल्या काटक्या-फळकुट्या. त्यावर कडुनिंबाचा किंवा तरवडाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून. मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरीची माती. सगळं मिळून हातभर जाडी. मधोमध उजेडाला आणि धुराला एक भोक, त्याला सवणं म्हणायचे. कडेला पावसाच्या पाण्याला पन्हळी. सोलापूर, तेव्हाचं उस्मानाबाद, लातूर, बीड या सगळ्या कमी पावसाच्या पट्ट्यात घर म्हटलं की हेच. कोकणातलं उतरतं छप्पर इथं कुणी बांधत नसे, कारण इथं निवारा पाहिजे होता तो पावसापासून कमी आणि उन्हापासून जास्त.

पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची जमीन. शेताला काळी, वस्तीला पांढरी, ही आपल्याकडची जुनी वाटणी. पिढ्यान्‌पिढ्या चुलींची राख, पडक्या भिंती, शेण, चुना जिरून ती माती राखाडी होते. सगळीच पांढरी माळवदाला चालत नाही. अण्णा आधी खडा चुरडून चिमूटभर जिभेला लावायचे. खारट लागली तरच पुढची परीक्षा. मग थोडी भिजवून मळायचे, तिची वाटी करायचे, ती तळहातावर ठेवून तिच्यात पाणी भरायचे आणि एक विडी संपेपर्यंत गप्प बसून राहायचे. तळहात कोरडा राहिला तर माती पास. ओल लागली की वाटी फेकून द्यायची आणि गाडीवाल्याला म्हणायचं, ‘ही ने परत, ही गळणार.’ मला पहिल्यांदा ही वाटी धरायला दिली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. साल १९७२. दुष्काळाचं. आमच्या नात्यातली निम्मी माणसं त्या उन्हाळ्यानंतर खडी फोडायला गेली होती.

या छपराचं उन्हाशी काय नातं होतं ते मला फार उशिरा कळलं. दुपारी दोनचं ऊन त्या हातभर मातीतून खाली उतरायला रात्र व्हायची. तोवर घरातली माणसं वर गेलेली असायची. संध्याकाळी सहाच्या सुमारास आई माळवदावर दोन घागरी पाण्याचा सडा टाकायची, माती चुर्र वाजायची, तो वास आजही नाकात आहे. आठला वाकळा वर जायच्या. म्हणजे दिवसा ऊन वर आणि माणूस खाली, रात्री ऊन खाली उतरतंय आणि माणूस वर. असं कुणी पुस्तकात लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळी पेठ ते करत होती.

सोलापूर उन्हाला तीन भाषांत ओळखतं. आमच्या गल्लीत मराठी ऊन, पलीकडच्या कानडी घरांत बिसिलु, पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांकडं तेलुगूतलं एंडा. पण त्यावरचा उतारा तिघांचा एकच: आपण आंबील म्हणतो, कानडीत अंबली, तेलुगूतही अंबली. ज्वारीचं पीठ रात्री ताकात आंबवायचं, सकाळी शिजवायचं, दुपारी कांद्याबरोबर प्यायचं. आम्ही कामाला गेलो की तिन्ही भाषांतल्या घरांतून तांब्या पुढं व्हायचा.

पूर्व भागातली कामं मला आवडायची, कारण तिथं मागाचा खड्डा असायचा. विणकर जमिनीत कमरेइतक्या खोल खड्ड्यात पाय सोडून बसायचा, पावड्या खाली, ताणा जमिनीलगत. मी लहानपणी समजायचो की जागा वाचावी म्हणून हे केलंय. एका म्हाताऱ्या मालकांनी मला खाली उतरवून दाखवलं. मे महिना, बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि त्या खड्ड्यात माझ्या घोट्यांना गारवा लागला. ते म्हणाले, ‘पोरा, हा गारवा माझ्यासाठी नाही, सुतासाठी आहे. कोरड्या हवेत सूत तटातटा तुटतं.’ सुताला ओल पाहिजे म्हणून जमिनीला सडा, माळवद जाड, खिडकी लहान. सुताची काळजी घेता घेता माणसाचीही घेतली जायची. आपल्या शहराचा इतिहास सांगताना १८७७ ची जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचं आणि चादरीचं नाव निघतं, ते निघालंच पाहिजे. या खड्ड्याचं नाव निघत नाही, म्हणून मी लिहितोय.

पाण्याचंही तसंच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदवलं, ते आजही शहराच्या मधोमध आहे. इंग्रजांनी अदिला नदीवर एकरुखचा तलाव १८६६ ला बांधायला घेतला, १८७१ ला पुरा केला, आणि पुढं शहराला नळाचं पाणी त्यातून आलं. या कोरड्या मुलखात ज्यानं राज्य केलं किंवा ज्याला लोकांनी मानलं, त्यानं आधी पाणी अडवलं. आता पाणी उजनीहून शंभराहून जास्त किलोमीटर चालत येतं आणि कितीतरी वस्त्यांत काही दिवसांआड नळाला उतरतं. छपरावर सडा टाकायचा म्हटलं तर पिण्याच्या पाण्यातून टाकावा लागतो. कोण टाकील?

माळवदाच्या जागी पत्रा तसा आधीपासून येत होता. यंत्रमाग आले, त्यांना लांबरुंद, खांबांशिवायची जागा हवी, ती पत्र्याची शेड देते. मोठ्या तुळया मिळेनात, मिळाल्या तर परवडेनात. पण माळवद एका रात्रीत मेलं, आणि ती रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या जरा आधी. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं गेली, जवळपास आठ हजार माणसं गेली. आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. आमची भांडी फळीवरून पडली, आम्ही अंगणात धावलो.

आठवड्यानं अण्णा आणि मी तिकडं गेलो, ढिगारे उपसायला हात हवे होते म्हणून. अण्णांनी तिथं पाहिलं ते आमचंच काम होतं. गोल दगडांच्या रुंद भिंती, आत नुसता चिखल, जोडदगड नाहीत, आणि वर दर चौरस मीटरला चार-पाचशे किलो माती. भिंत उकलली आणि माती झोपलेल्या माणसांवर बसली. परत येताना ते एसटीत एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षानंतर त्यांनी माळवदाची माती तपासली नाही.

मग उलटी कामं आली. ‘अण्णा, माळवद उतरवा, पत्रा टाका.’ अण्णांनी नाही म्हटलं, मी हो म्हटलं. पुढच्या दहा वर्षांत किती माळवदं उतरवली त्याचा हिशेब मी ठेवला नाही. एक दिवस माती खाली, दुसऱ्या दिवशी लोखंडी अँगल, तिसऱ्या दिवशी पत्रा. लोक रात्री निर्धास्त झोपायला लागले आणि ते बरोबरच होतं. आपल्या लेकरांवर माती पडू नये असं ज्याला वाटलं त्याला मी चूक म्हणणार नाही. पण भूकंप माणसाच्या आयुष्यात एकदा येतो, फार तर दोनदा. सोलापूरचा उन्हाळा दर वर्षी मार्च ते जून येतो. माळवद उतरवताना आम्ही वजन उतरवलं आणि त्याबरोबर सावलीही उतरवली, आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. माझ्या व्यवसायाची ही मोठी चूक आहे आणि तिच्यात माझा हात आहे.

पत्र्याखाली बसून पाहा. सकाळी अकराला वरून झळ सुरू होते, डोक्याच्या तालूवर ती कळते. पंखा लावला तर तो तीच हवा खाली ढकलतो. दुपारी पत्र्याला आतून तळहात टेकवत नाही. आता या खोलीत कोण असतं? सोलापुरात हजारो बायका घरीच विडी वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, कारण पान वाळलं की वळताना फाटतं. पानाला ओलं फडकं असतं. बाईच्या डोक्यावर पत्रा असतो. तिचं घर हाच तिचा कारखाना, त्यामुळं तिला दुपारी ‘उन्हात जाऊ नका’ असं सांगून काही उपयोग नाही. ती उन्हात गेलेलीच नाही. २००६ साली कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. स्वतःच्या नावाचं पक्कं घर ही त्या बायकांनी लढून मिळवलेली गोष्ट आहे, तिला मी मनापासून मानतो. पण चार-पाच इंचांचा स्लॅब कुठलाही असो, तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री झोपायच्या वेळेला खोलीत सोडतो.

हवामान खात्याच्या हिशेबात सपाट मुलखात पारा किमान ४० ला गेला पाहिजे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी वर पाहिजे, नाहीतर सरळ ४५ झाला पाहिजे, तेव्हा ती उष्णतेची लाट. सोलापूरची मे महिन्यातल्या दुपारची सरासरीच चाळीसच्या आसपास आहे. म्हणजे ४३ अंशांची दुपार आमच्याकडं लाटेत धरली जात नाही. आणि तो आकडा मोकळ्या जागेत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत घेतलेला असतो. हवामानाची तुलना करायला ते तसंच घ्यावं लागतं. पण पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत काय चाललंय ते त्या आकड्यात येत नाही. रात्रीही आता पूर्वीसारख्या निवत नाहीत, हे माझ्या वयाचा कुणीही सांगेल.

मग माळवद परत आणू या का? लोक मला विचारतात. शहरातून आलेली शिकलेली मुलं फोटो काढतात आणि म्हणतात, काका, किती छान होतं. मी त्यांना ऑक्टोबर २०२० सांगतो. त्या पावसात जिल्ह्यातली मातीची घरं भिजून खचली, पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. माळवद बेतलेलं होतं ते रिमझिम पडणाऱ्या, वर्षाला वीस-बावीस इंचांच्या पावसावर. चार महिन्यांचा पाऊस दोन दिवसांत पडायला लागला तर पांढरीची वाटी कितीही कोरडी राहिली तरी छप्पर टिकणार नाही. ऊन बदललंय तसा पाऊसही बदललाय. जुनं जसंच्या तसं येणार नाही. त्यातलं कळलेलं तेवढं घ्यायचं आहे.

कळलेलं असं की सूर्य आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी पाहिजे, आणि ते पांढरं असेल तर निम्मं काम तिथंच होतं. अहमदाबादनं २०१० चा उन्हाळा सोसला आणि २०१३ ला उष्णतेसाठी स्वतंत्र आराखडा केला. तिथं गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचं काम झालं. आमच्या पूर्व भागाचं माहेर जे तेलंगण, त्यानं २०२३ ला थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. सोलापुरात नवं घरकुल बांधणाऱ्या प्रत्येक इंजिनियरला माझं हात जोडून सांगणं आहे: स्लॅब टाकून निघून जाऊ नका. त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर द्या, समोरासमोर खिडक्या ठेवा, जिना द्या म्हणजे माणसाला रात्री वर जाता येईल.

आणि ज्यांच्या डोक्यावर आज पत्रा आहे त्यांनी एवढं करा. कळीचा चुना रात्री भिजत घाला, सकाळी गाळून त्यात डिंक किंवा सरस मिसळा, नुसता चुना पत्र्यावर धरत नाही. पत्रा आधी घासून धुवा. दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. दहा बाय दहाच्या खोलीला पाच किलो चुना पुरतो. आतून पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत बांधा. उसाचं पाचट घालणार असाल तर चुलीपासून लांब ठेवा, ते पेटतं. शेजारी एकटी म्हातारी राहत असेल तर तिचा पत्रा आधी रंगवा. हे सगळं होळी झाली की लगेच, पाडव्याच्या आत करा. एप्रिल लागला की पत्र्यावर पाय ठेवता येत नाही.