भरून येणाऱ्या जखमेचें संकट

जखम भरून येणें हा शरीराचा उपकार होय, असें मनुष्य फार प्राचीन कालापासून समजत आला आहे. बोटास कापलें असतां चार-आठ दिवसांत नवी कातडी येते, यांत कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु हाच उपकार हृदयाच्या रोहिणींत अतिरेकास गेला म्हणजे प्राणावर कसा बेततो, आणि त्यास आवर घालण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं थेट जनुकापर्यंत कशी धाव घेतली, हा वैद्यकाच्या इतिहासांतील एक बोधप्रद अध्याय आहे.

हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आंत मेदाचे थर सांचून त्या अरुंद होतात व छातींत कळा येऊं लागतात. १९६४ सालीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें चार्ल्स डॉटर यांनीं एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या पायाची अरुंद झालेली रोहिणी आंतून नळ्या घालून रुंद केली, आणि कापावयाचा पाय वाचविला. तोच धागा धरून आंद्रेआस ग्रुंट्सिग ह्या जर्मन डॉक्टरांनीं झुरिच येथील आपल्या स्वयंपाकघरांत, टोकास चिमुकला फुगा असलेल्या नळ्या तयार केल्या. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं त्यांनीं एका ३८ वर्षांच्या जागृत रुग्णाच्या हृद्रोहिणींत असा फुगा नेऊन फुगविला, व छाती न उघडतां रक्ताचा मार्ग मोकळा केला.

पण हा आनंद निर्भेळ नव्हता. उपचार झालेल्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश रुग्णांची रोहिणी सहा महिन्यांच्या आंतच पुन्हा अरुंद होई. कारण असें कीं, फुगा फुगतांना रोहिणीचें नाजुक अस्तर सोलवटतें व तिच्या भिंतीस चिरा पडतात. शरीर लागलीच दुरुस्तीस लागतें. भिंतीच्या मधल्या थरांतील, एरव्हीं निवांत असणाऱ्या स्नायुपेशी जाग्या होतात, आंत सरकतात, एकीच्या दोन, दोहोंच्या चार होतात, आणि नवा जाड थर उभा करितात. वेशीची डागडुजी करणाऱ्या गवंड्यांनीं हात न आवरल्यामुळें वेसच बुजून जावी, तसा हा प्रकार! १९८६ पासून फ्रान्स व स्वित्झर्लंड येथें धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यास आरंभ झाला. त्यायोगें रोहिणीचें आक्रसणें थांबलें. पेशींची वाढ मात्र थांबली नाहीं.

तेव्हां पेशींच्या आंत शिरूनच त्यांना आवरावें, असा विचार पुढें आला. १९९० सालीं मिशिगन विद्यापीठांत एलिझाबेथ नेबल, गॅरी नेबल व त्यांचे सहकारी यांनीं जिवंत डुकराच्या रोहिणीच्या भिंतींत परकें जनुक नेऊन दाखविलें. १९९४ सालीं त्यांनीं निरुपद्रवी केलेल्या विषाणूस वाहन करून एक निराळेंच जनुक जखमेच्या जागीं पोंचविलें. मागून गॅन्सिक्लोव्हिर हें औषध दिलें कीं त्या जनुकाच्या योगें त्याचें विष बने, आणि वाढणाऱ्या पेशीच तेवढ्या मरत. डुकरांच्या रोहिण्यांतील नवा थर खरोखर कमी झाला.

मनुष्याच्या बाबतींत मात्र हें यश आलें नाहीं. १९९९ सालीं फिलाडेल्फिया येथें यकृताच्या एका विकारावरील जनुकोपचारांत १८ वर्षांचा तरुण दगावला, आणि विषाणूच्या वाहनाचा धोका जगाच्या ध्यानीं आला. फिनलंडमधील कुओपिओ येथें रोहिणीचें अस्तर लवकर सांधावें म्हणून १०३ रुग्णांवर जनुकाचा प्रयोग झाला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुनःसंकोचाच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. हृदयावरील शस्त्रक्रियेंत रोहिणीऐवजीं पायाच्या नीलेचा तुकडा जोडतात. तोही असाच बुजतो. वाढीचीं जनुकें निद्रिस्त ठेवणाऱ्या द्रावणांत तो आधीं भिजविण्याचा प्रयोग अमेरिकेंत ३,०१४ रुग्णांवर झाला. २००५ चा त्याचा निकालही निराशाजनकच ठरला.

यश आलें तें अगदीं निराळ्या दिशेनें. प्रशांत महासागरांतील ईस्टर बेटावरून १९६४-६५ च्या मोहिमेंत आणलेल्या मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून कॅनडांत एक द्रव्य मिळालें. बनारस हिंदु विश्वविद्यालयांत शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल यांनीं त्यावर अनेक वर्षें परिश्रम केले. कंपनीनें संशोधन थांबविलें तेव्हां त्यांनीं तें घरच्या शीतकपाटांत जपून ठेविलें. हें द्रव्य पेशींचें विभाजन थांबवितें. त्याचा लेप दिलेला स्टेंट २३८ रुग्णांच्या चांचणींत साध्या स्टेंटशीं ताडून पाहिला गेला. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें सहा महिन्यांनीं साध्या स्टेंटच्या रुग्णांत पुनःसंकोच शेंकडा २६.६, तर लेपाच्या स्टेंटमध्यें शून्य होता.

तथापि हाही विजय निखळ नव्हे. पुढें या लेपामुळें अस्तर सांधण्यासही विलंब लागतो व उशिरानें रक्ताची गुठळी होऊं शकते, असें दिसून आलें. म्हणून गुठळी रोखणाऱ्या गोळ्या रुग्णानें कित्येक महिने, वैद्याच्या सांगण्यावांचून एक दिवसही न चुकवितां, घेणें अवश्य असतें. जखम फार भरली तर वाट बुजते. भरलीच नाहीं तर रक्त गोठतें. जनुकाच्या वाटेनें जाणाऱ्यांना मुक्काम गांठतां आला नाहीं हें खरें. पण हृद्रोग्याच्या उपचारांत शरीराच्या दुरुस्तीस उत्तेजन द्यावयाचें नसून तिला माप घालून द्यावयाचें आहे, हें त्यांच्या अपयशानेंही शिकविलें.