कर्णवेध : एका संस्काराचा व एका हस्तकौशल्याचा इतिहास

‘सोनाराने कान टोचावे’ ही म्हण ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य मराठी मुलखात विरळा. घरातील वडीलधाऱ्यांनी दहा वेळा सांगूनही न पटलेली गोष्ट एखाद्या अधिकारी पुरुषाने एकदाच सांगितल्याने पटली, म्हणजे ही म्हण योजतात. आपल्या ज्ञातीचे नाव लोकांच्या नित्य बोलण्यात अशा मानाच्या ठिकाणी यावे, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु अभिमानाबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. हा अधिकार सोनारास कोठून प्राप्त झाला? तो केवळ जन्माने आला, की काही विद्येने व काही जबाबदारीने आला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे यथामति विचार करावयाचा आहे.

धर्मशास्त्रातील स्थान

कान टोचण्याची चाल केवळ आपल्याच देशाची आहे असे नाही. १९९१ साली आल्प्स पर्वताच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा देह सापडला. त्याच्याही कानांच्या पाळ्या टोचलेल्या व ताणून मोठ्या केलेल्या होत्या. मात्र या साध्या चालीस संस्काराची प्रतिष्ठा देण्याचे कार्य आपल्याकडे झाले. महाभारतातील कर्ण तर कुंडले लेऊनच जन्मास आला, अशी कथा आहे.

जुन्या गृह्यसूत्रांत कर्णवेधास संस्कार म्हणून स्थान नाही. ते त्यास पुढे मिळाले. व्यासस्मृतीत सोळा संस्कारांची जी यादी आहे तीत कर्णवेधाचा समावेश आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात या सर्व संस्कारांचा साधार परामर्श घेतला आहे.

उत्तरकालीन निबंधग्रंथांत बृहस्पतीच्या नावाने एक वचन आढळते. राजपुत्राचे कान सोन्याच्या सुईने, ब्राह्मण व वैश्य यांचे रुप्याच्या सुईने आणि शूद्राचे लोखंडी सुईने टोचावे, असा त्याचा आशय आहे. ज्ञातिबांधवांनी या वचनाकडे डोळसपणे पाहावे. सुईचा धातू येथे वर्णावरून ठरविला आहे. बालकाच्या जखमेचा विचार त्यात कोठेही नाही.

सुश्रुताचार्यांची पद्धती

याच्या उलट वैद्यकाची दृष्टी पाहावी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय संपूर्णपणे याच विषयास वाहिलेला आहे. बालकाचे कान रक्षणासाठी व भूषणासाठी टोचावयाचे, असे सांगून आचार्य कृतीकडे वळतात. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षात, शुभ मुहूर्तावर बालकास दाईच्या मांडीवर बसवावे. खेळणी दाखवून त्यास रमवावे. डाव्या हाताने कान किंचित ओढून तो सूर्यप्रकाशात धरावा, म्हणजे निसर्गाने जणू आधीच योजून ठेवलेली पातळ जागा दिसते. तेथे उजव्या हाताने हळूहळू व सरळ वेध करावा. पातळ पाळीस सुई व जाड पाळीस आरी वापरावी. मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी टोचावा. नंतर कापसाची वात घालून तेल सोडावे.

येथे वर्णावरून सुई बदललेली नाही. ती पाळीच्या जाडीवरून बदलली आहे. शास्त्र म्हणतात ते हेच!

परंतु या अध्यायाचे खरे महत्त्व टोचण्याच्या पुढील भागात आहे. वेध योग्य जागी झाला नाही तर रक्त फार येते व वेदना होतात, यावरून चूक ओळखावी असे आचार्य सांगतात. पाळीतील कालिका, मर्मरिका व लोहितिका अशा तीन शिरांची नावे देऊन, त्या दुखावल्यास कोणकोणते विकार होतात हेही ते सांगतात. त्यांत ज्वर, दाह व सूज आहेत. त्याचप्रमाणे मान ताठणे व ‘अपतानक’ म्हणजे धनुर्वातासारखा आकडीचा विकारही आहे. दर तिसऱ्या दिवशी वात बदलून ती थोडी थोडी जाड करावी. सुई वाईट असल्याने किंवा वात फार घट्ट बसल्याने सूज व ठणका लागला तर वात ताबडतोब काढावी. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठ, जव व तीळ यांचा कल्क मध-तुपात कालवून त्याचा लेप द्यावा. आणि जखम पूर्ण भरल्यावरच पुन्हा टोचावे. पाळी फाटलीच तर ती सांधण्याचे पंधरा प्रकार याच अध्यायात आहेत आणि छेदलेले नाक नव्याने घडविण्याची कृतीही येथेच आहे.

ही विद्या पोथीतच राहिली नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडविले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते प्रत्यक्ष पाहिले व १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ मासिकात त्याची सचित्र हकीकत प्रसिद्ध झाली. त्यानंतर युरोपात या शस्त्रक्रियेस नवी चालना मिळाली. तो कारागीर वीटभट्टीवाला होता. कौशल्य कोणाच्या हातात वस्तीस येईल याचा नियम नाही, हेच यावरून दिसते.

मी जन्मभर शिक्षक होतो. म्हणून सुश्रुतसंहितेतील आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शिष्याने माणसाच्या अंगास हात लावण्यापूर्वी कमळाच्या देठावर वेधाचा व मऊ मांसाच्या तुकड्यांवर कान सांधण्याचा सराव करावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. आधी अभ्यास व मग अधिकार, हा क्रम त्या काळीही ठरलेला होता.

महाराष्ट्रातील कर्णभूषणे

कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या पाहाव्यात किंवा वेरूळची शिल्पे पाहावीत. स्त्री असो वा पुरुष, कान मोकळा सहसा दिसत नाही. बुद्धमूर्तीच्या लांब पाळ्यांत भूषण नसते; राजपुत्र असताना घातलेली जड कुंडले त्यागिली, याचीच ती खूण मानतात. नाथपंथी जोग्यांनी तर पाळी सोडून कानाच्या मधल्या कूर्चेचाच छेद घेतला. त्या छेदात निंबाच्या काड्या घालून ठेवावयाच्या व जखम भरल्यावर मुद्रा धारण करावयाची, असा त्यांचा क्रम असे. लोक त्यांस कानफाटे म्हणू लागले.

नथीचा इतिहास मात्र निराळा आहे. आज नथ म्हणजे महाराष्ट्रीय सौभाग्याचे चिन्हच. परंतु प्राचीन संस्कृत वाङ्मयात व जुन्या शिल्पांत नाकातील अलंकार आढळत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी या विषयावर विस्ताराने लिहिले आहे. कान टोचणे पुरातन व नाक टोचणे त्यामानाने अर्वाचीन, एवढे ध्यानात ठेवावे.

पेशवाईत पुरुषांच्या कानांत भिकबाळी व चौकडा आणि स्त्रियांच्या कानांत कुडी, काप, बाळ्या, वेल, बुगडी अशी रेलचेल होती. मुले जगत नसत त्या घरी भिक्षा मागून मिळालेल्या पैशांतून मुलास बाळी करीत. त्यावरून भिकबाळी हे नाव पडले असे सांगतात. कित्येक घरी मुलाचे नाक टोचून त्याचे नाव नथू ठेवीत, हेतू हा की काळाने त्यास मुलगी समजून सोडून द्यावे. दागिना लहान, पण त्यामागे आईबापांचे केवढे भय दडलेले असे!

सोनाराची बैठक

वैद्याचे हे काम सोनाराकडे का आले, याचे उत्तर त्याच्या बैठकीवर दृष्टी टाकली म्हणजे मिळते. शेगडी, फुंकणी, चिमटा, जंतर ही सारी साधने त्याच्याजवळ तयार. सुईसारखी बारीक तार ओढावी ती त्यानेच. तारेचे टोक विस्तवात लाल करण्याची सोय त्याच्यापाशीच. सूक्ष्म कामाची सवय असल्याने हात स्थिर व नजर नेमकी. शिवाय शुद्ध सोने गंजत नाही, मऊ असल्याने सहज वळते व अंगास सहसा बाधत नाही. एकाच तारेने वेध व्हावा व तीच वळवून तिची बाळी व्हावी, ही युक्ती सोनारावाचून कोणास साधणार?

माझे आजोबा कान टोचीत, ते मी लहानपणी पाहिले आहे. हात धुवून ते शाईचे दोन ठिपके देत व समोर बसून दोन्ही बाजू ताडून पाहत. मन भरले नाही तर ठिपके पुसून पुन्हा देत. ठिपके देण्यास जितका वेळ लागे त्याच्या दशांशही टोचण्यास लागत नसे. तार विस्तवातून काढून निवली की क्षणात आरपार जाई, आणि मूल रडू लागेपर्यंत त्याच्या तोंडात गुळाचा खडा पडलेला असे. नारळ, तांदूळ व खण घेऊन मंडळी निघाली की ते बजावीत, “आठ दिवसांनी दाखवावयास आणा.” कोणी न आणल्यास ते स्वतः त्या घरी जात. म्हणीतील अधिकार खरोखर या आठव्या दिवसात आहे, असे मला वाटते. आणि त्यांची तार येणाऱ्या प्रत्येकास एकाच धातूची व एकाच विस्तवातली असे. बृहस्पतीच्या नावावरील वचन आमच्या बैठकीवर कोणी पाळले नाही.

ही परंपरा खंडित होण्याचा मोठा प्रसंग १९६३ च्या जानेवारीत आला. सुवर्णनियंत्रणाच्या हुकमाने चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. हजारो शेगड्या विझल्या आणि काही कारागिरांनी जीव दिले. पुढे कॅरेटचे बंधन सैल झाले, १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्दही झाला. पण मधल्या काळात कित्येक घरांतील मुले अन्य मार्गांस लागली. मी ऐरणीपुढे न बसता फळ्यापुढे उभा राहिलो, त्याचेही मूळ याच घटनेत आहे. धंदा सुटला तशी कान टोचण्याची विद्याही बहुतेक घरांतून गेली.

आजचे शास्त्र काय सांगते

आता बाजारात यंत्राच्या चापाने कान टोचून मिळतात. कित्येक ज्ञातिबांधवांच्या पेढ्यांवरही हे यंत्र आहे. त्याची योग्यायोग्यता नीट समजून घेतली पाहिजे. सुई मांस कापून वाट करते. यंत्र बोथट खिळा दाबाने घुसविते. शिवाय प्लास्टिकचे यंत्र वाफेच्या दाबपात्रात १२१ अंश सेल्सिअस उष्णतेवर निर्जंतुक करता येत नाही. केवळ औषध फवारून भागत नाही, याचे उदाहरण अमेरिकेतील ओरेगन राज्यात २००० साली घडले. एका दागिन्यांच्या दुकानात कानाच्या वरच्या कूर्चेत टोचून घेतलेल्या लोकांस तीव्र जंतुसंसर्ग झाला. सात जणांचा संसर्ग तपासणीत निश्चित ठरला. जंतुनाशकाच्या बाटलीतच जंतू सापडले! कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तेथील जखम सावकाश भरते व चिघळल्यास कानाचा आकार कायमचा बिघडतो. बुगडी व भिकबाळी यांची हौस करणाऱ्या तरुण मंडळींनी हे विसरू नये. एकाची सुई दुसऱ्यास वापरल्याने यकृतदाह व एड्स यांचे विषाणू पसरू शकतात, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या काळी कोणास माहीत नव्हती. आज ती माहीत नाही असे म्हणण्याची सोय नाही.

कुटुंबीयांच्या उपयोगासाठी काही गोष्टी येथे नमूद करतो.

१. बारशाच्या दिवशी टोचण्याची घाई करू नये. धनुर्वाताविरुद्धची लस बालकास सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात. ती पूर्ण झाल्यावर टोचावे. सुश्रुतांचा सहावा-सातवा महिना या हिशेबात अचूक बसतो.

२. सुई नवी, बंद वेष्टनातील व एकदाच वापरावयाची असावी. टोचणाराने हात धुवून नवे हातमोजे घालावेत.

३. दागिना शुद्ध सोन्याचा असावा. हलक्या दागिन्यांतील निकेल धातूमुळे खाज व पुरळ उठते. याच कारणास्तव युरोपीय राष्ट्रांनी १९९४ साली दागिन्यांतील निकेलवर निर्बंध घातले.

४. पाळीची जखम भरण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. कूर्चेची जखम सहा महिने ते वर्षही घेते. तोवर बाळी काढू नये.

५. पेलाभर पाणी उकळून निववावे, त्यात पाव चमचा मीठ घालावे व त्याने दिवसातून दोनदा जखम स्वच्छ करावी. हात धुतल्याखेरीज कानास स्पर्श करू नये. ओल्या जखमेवर हळद, राख किंवा उघड्या वाटीतील तेल लावू नये. खपली धरलेली बाळी कोरडी फिरवू नये.

६. लाली पसरत गेली, पू आला, ताप भरला किंवा कानाचा वरचा भाग गरम होऊन सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बाळी काढावी की ठेवावी, हे त्यांनीच ठरवावे.

उपसंहार

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. कान टोचण्याचा अधिकार सोनारास जन्माने मिळालेला नाही. विस्तव, शुद्ध धातू, स्थिर हात आणि आठव्या दिवशीची विचारपूस या चार गोष्टींनी तो मिळाला. ज्याच्याजवळ त्या आहेत, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, त्याने कान टोचावे. आणि ज्याच्याजवळ नाहीत, त्याने सोनाराच्या कुळात जन्म घेतलेला असला तरी सुईस हात लावू नये. डॉक्टर व परिचारिका हे काम उत्तम करीत असतील तर आपण विषाद मानण्याचे कारण नाही. मुळात ते वैद्याचेच काम होते.

तथापि ही विद्या आपल्या हातून अजिबात जावी, असेही मला वाटत नाही. आपल्या ज्ञातीत आज वैद्यकीय पदवी घेतलेले कित्येक तरुण व तरुणी आहेत. त्यांनी पेढीवर बसणाऱ्या बांधवांस निर्जंतुकीकरणाचे शिक्षण द्यावे. पेढीवाल्यांनी ते मोकळ्या मनाने घ्यावे व शिकल्यावाचून यंत्र हाती धरू नये. तसे घडले तर म्हण खरी राहील. न घडले तर म्हण भाषेत राहील, पण तिच्यातील सोनार केवळ नावाचा उरेल. तशी वेळ येऊ न देणे आपल्या हाती आहे. इत्यलम्.