तारकाप्रवाह आणि कृष्णद्रव्याचे मापन

दीर्घिकेभोवती फिरणारा गोलाकार तारकागुच्छ किंवा लहान उपग्रह दीर्घिका मोठ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे विस्कटू लागली, की तिच्यातून सुटलेल्या ताऱ्यांचा जो लांब, अरुंद पट्टा तिच्या कक्षेलगत पसरतो, त्याला तारकाप्रवाह म्हणतात. मोठ्या दीर्घिकेकडील बाजूवर ओढ अधिक आणि पलीकडील बाजूवर कमी असल्याने (सागराला भरती आणणारे बल हेच) आतून सुटलेले तारे गुच्छाच्या पुढे जातात व बाहेरून सुटलेले मागे पडतात. पालोमार ५ या गुच्छाच्या अशा दोन्ही शेपट्या २००१ मध्ये स्लोन सर्वेक्षणातून उघड झाल्या.

तबकडीतील वायू व तारे यांच्या परिभ्रमणवेगावरून मुख्यतः तबकडीच्या प्रतलातील गुरुत्वाकर्षण कळते. प्रवाह मात्र प्रतलाच्या बऱ्याच वर-खाली जात असल्याने, प्रकाश न देणाऱ्या व केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या कृष्णद्रव्याचे प्रभामंडल गोल आहे की चपटे, हेही त्यांच्यावरून तपासता येते, आणि या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे. प्रवाह एकाच कक्षेवर तंतोतंत नसल्याने वस्तुमानाची निरनिराळी वितरणे गृहीत धरून संगणकावर प्रवाह घडवले जातात व ताऱ्यांच्या प्रत्यक्ष स्थानांशी आणि वेगांशी ते ताडून पाहिले जातात. पालोमार ५ आणि २००६ मध्ये सापडलेला जीडी-१ प्रवाह यांच्या अशा एकत्रित अभ्यासातून २०१६ मध्ये आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षांच्या आतील प्रभामंडलाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ११० अब्ज पट, आणि त्या भागातील प्रभामंडल जवळजवळ गोल असल्याचे आढळले.

एकाच प्रवाहावर विसंबणे धोक्याचे असते. ऑर्फन प्रवाहातील ताऱ्यांच्या गतीची दिशा प्रवाहाच्या रेषेशी जुळत नव्हती; त्या विसंगतीचा मेळ २०१९ मध्ये मोठ्या मॅजेलनी मेघाची (आकाशगंगेच्या एका उपग्रह दीर्घिकेची) ओढ हिशेबात धरल्यावरच लागला आणि त्या मेघाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १४० अब्ज पट निघाले.

गाया उपग्रहाच्या २०१८ मधील मोजमापांमुळे जीडी-१ मधील ठळक खिंडार व त्यालगत बाहेर निघालेला फाटा स्पष्ट दिसला. एखादी घन वस्तू प्रवाहाजवळून गेल्यास ताऱ्यांना धक्का बसून अशी रचना होऊ शकते, आणि ती वस्तू ताऱ्यांविना असलेला कृष्णद्रव्याचा लहान पुंज असू शकेल. तथापि आकाशगंगेचा मध्यदंड व मोठे वायुमेघही काही प्रवाहांत खिंडारे पाडू शकतात. म्हणून एका खिंडारावरून अशा पुंजाचे अस्तित्व सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.