‘दुर्दैवाने’ : इतिहासातील एका क्रियाविशेषणाची झडती

#थ्रेड

१/
“तिसऱ्या रघुजी भोसल्यांना दुर्दैवाने पुत्र नव्हता आणि दुर्दैवाने नागपूरचे राज्य खालसा झाले.” या धाटणीचे वाक्य वाचताना सहसा काही खटकत नाही. मात्र त्यातील पहिला ‘दुर्दैवाने’ खरा आहे आणि दुसरा दिशाभूल करणारा. कसा, ते पाहू.

२/
आधी व्याकरण. ‘दुर्’ म्हणजे वाईट, ‘दैव’ म्हणजे देवाकडून आलेले, प्राक्तन. त्याला तृतीयेचा ‘ने’ लागला की क्रियाविशेषण तयार होते. तृतीया साधन किंवा कारण दाखविते. म्हणजेच जे घडले त्याचे कारण दैव, असे हा शब्द मुकाट्याने सांगून जातो. ‘कमनशिबाने’ची घडणही अशीच, फक्त त्यातील ‘कम’ फारसी आणि ‘नशीब’ मूळचे अरबी.

३/
‘खेदाने’ आणि ‘सखेद’ यांची जात वेगळी. “तो खेदाने हसला” यात खेद हसणाऱ्याचा आहे. “दुर्दैवाने तो हसला” यात हळहळ सांगणाऱ्याची आहे. हसणाऱ्याच्या मनाचा थांग त्यातून लागत नाही. ‘खेदाने’ला खेद करणारा माणूस लागतो. ‘दुर्दैवाने’चे काम माणसावाचूनही भागते.

४/
आता नागपूर. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निधन पावले. पुत्र नव्हता, हयातीत दत्तकही घेतला नव्हता. येथवर ‘दुर्दैवाने’ शोभतो.

५/
पुढे मात्र दैव नाही, दप्तर आहे. राजघराण्यातील स्त्रियांना दत्तक घेऊन गादी चालवायची होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकाचा हक्क नाकारला आणि १८५४ साली राज्य कंपनीच्या मुलखात सामील केले. साताऱ्याच्या बाबतीत हेच धोरण १८४८ साली वापरले गेले होते.

६/
दुसरा मार्ग उपलब्ध होता, याचा पुरावा डलहौसींच्याच कौन्सिलात सापडतो. सदस्य कर्नल जॉन लो यांनी खालसा करण्यास लेखी विरोध नोंदविला. ज्या निर्णयाला विरोध होऊ शकतो, तो दैवाच्या खाती कसा टाकायचा?

७/
परिणाम राजवाड्यापुरते राहिले नाहीत. भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्यात लिलावात निघाले. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याच दशकातील बंदोबस्तात मालगुजारांना जमिनीचे मालकीहक्क मिळाले. जो मालगुजार पूर्वी मुख्यतः सारा गोळा करी, तो कायद्याने जमिनीचा धनी झाला आणि कसणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्याची कुळे ठरले.

८/
केशोरी आज गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. १ मे १९९९ पूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता आणि त्याआधी भोसल्यांच्या राज्यात. नागपूरपासून इतक्या दूरच्या गावांचा धनी बदलला, तो कलकत्त्यातील एका सहीने.

९/
हळहळ वाटणे गैर नाही. इतिहास वाचणाऱ्याला ती वाटलीच पाहिजे. फक्त ‘दुर्दैवाने’ दिसला की तो शब्द क्षणभर झाकून वाक्य पुन्हा वाचावे आणि विचारावे : हे केले कोणी? उत्तरात माणसाचे नाव आले, तर दैवाला त्या वाक्यातून मोकळे करावे.